‘तुमच्या पत्नीच्या खात्यात’: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. हिंदी विशेषणांवरच्या माझ्या लेखावर तुम्ही सविस्तर लिहिलंत. टीका कडक आहे, पण लेख शेवटपर्यंत वाचून केलेली आहे, म्हणून दोन ओळींत आभार मानून थांबणं बरं वाटलं नाही.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: मराठी माणसाला हिंदीचं विशेषण शिकवायची गरजच नाही, कारण दोन्ही भाषांची रचना एकच आहे. ‘चांगला, चांगली’ येणाऱ्याला ‘अच्छा, अच्छी’ आपोआप येतं. मी ‘ताज़ी’ला चूक ठरवलं, ते चूक. मुंबईच्या हिंदीला अशुद्ध म्हणणं हा उद्धटपणा. आणि ‘दीवार को काला किया’ या वाक्यात ‘विशेषण नामाच्या लिंगाप्रमाणे बदलतं’ हा माझा नियम मोडतो.

‘ताज़ी’बद्दल तुमचं बरोबर आहे. ‘बढ़िया’ आणि ‘घटिया’ कधी बदलत नाहीत, ‘बढ़िया चाय’, ‘बढ़िया खाना’. त्यांच्याच रांगेत मी ‘ताज़ा’ बसवला आणि ‘ताज़ी’वर फुली मारली. प्रत्यक्षात ‘ताज़ा ख़बर’ जितकं चालतं तितकंच ‘ताज़ी हवा’ आणि ‘ताज़ी सब्ज़ी’ही चालतं, आणि चांगले लेखक दोन्ही लिहितात. लेखात दुरुस्ती केली आहे.

रचना एकच आहे, हे मात्र मला मान्य नाही. कर्ता, कर्म, क्रियापद हा क्रम सारखा आहे, म्हणून तर त्यावर मी दोनच ओळी लिहिल्या. विशेषणाचं तसं नाही. माझ्या वर्गात एक गृहस्थ यायचे, सांगलीकडचे, बँकेत नोकरी, बदली भोपाळला झालेली. हिंदी अस्खलित. त्यांची तक्रार एवढीच की आपलं काहीतरी सतत चुकतं, समोरच्याला ते कळतं, पण कुणी सांगत नाही. मी त्यांना एक वाक्य हिंदीत करायला दिलं: ‘तुमच्या पत्नीच्या खात्यात पैसे जमा झाले.’ ते क्षणात म्हणाले, ‘आपके पत्नी के खाते में पैसे जमा हो गए.’ हवं होतं ‘आपकी पत्नी के खाते में’.

मराठीत दोन्ही ठिकाणी ‘च्या’ आहे. हिंदीत पहिल्या ‘च्या’चं ‘की’ होतं, कारण पुढे पत्नी आहे. दुसऱ्याचं ‘के’ होतं, कारण पुढे पुल्लिंगी खाता आहे आणि त्याला ‘में’ लागलं आहे. मराठी माणसाच्या चुकीचं मूळ मला इथे दिसतं. आपल्याकडे विशेषणाची ‘चांगला, चांगली, चांगलं, चांगले, चांगल्या’ अशी पाच रूपं असतात. हिंदीत तीनच, ‘अच्छा, अच्छे, अच्छी’. म्हणजे हिंदी सोपी असायला हवी. पण नामाला प्रत्यय लागला की आपण लिंग बघायचं सोडून देतो. मोठ्या वाड्यात, मोठ्या शाळेत, मोठ्या घरात: तिन्ही लिंगांना एकच ‘मोठ्या’. हिंदी तिथेही लिंग सोडत नाही. ‘बड़े घर में’, पण ‘बड़ी दुकान में’. आपली जीभ ‘मोठ्या’च्या जागी सरसकट ‘बड़े’ ठेवते, ‘माझ्या’च्या जागी ‘मेरे’, आणि मग ‘मेरे बहन को’, ‘उसके दुकान में’ सुरू होतं. ‘चांगल्या मुली’चं ‘अच्छे लड़कियाँ’ होतं तेही यामुळेच. हिंदीत ‘ई’ जागची हलत नाही: अच्छी लड़की, अच्छी लड़की को, अच्छी लड़कियाँ, अच्छी लड़कियों को. प्रत्यय लागो, अनेकवचन होवो, ‘अच्छी’ ती ‘अच्छी’. पहिल्या महिन्यात एवढं एक जरी पक्कं झालं तरी मला समाधान असतं.

यात भर पडते लिंगांची. आपलं नपुंसकलिंग हिंदीत नाही, त्यामुळे ती नामं दोन्हीकडे विखुरली आहेत. घर, दूध, फूल पुल्लिंगी झाली. पुस्तक, दुकान, नाक स्त्रीलिंगी. कारण शोधत बसू नये, सापडत नाही. त्याहून फसवे शब्द म्हणजे दोन्ही भाषांत तेच असून लिंग उलटलेले. आवाज, विजय, आत्मा मराठीत पुल्लिंगी, हिंदीत स्त्रीलिंगी. व्यक्ती आणि मजा आपल्याकडे स्त्रीलिंगी, तिकडे ‘बड़ा मज़ा आया’. चहा तो, चाय ती. म्हणून मी विद्यार्थ्यांना नुसता ‘दुकान’ शब्द पाठ करू देत नाही. ‘मेरी दुकान’ असा जोडीनेच करायला लावते, आणि लगेच ‘मेरी दुकान में’ म्हणून घेते.

पोरं सिनेमे बघून हिंदी शिकतात, असंही तुम्ही लिहिलंत. शिकतात, आणि मला त्याचा आनंद आहे. ‘मेरी आवाज़’ कानावर पडून पडून बसतं. पण भरभर बोलण्यात ‘मेरे’ आणि ‘मेरी’ यांतला फरक कानातून निसटतो. ज्याला तो कुणी एकदा दाखवला आहे, त्यालाच पुढे तो ऐकू येतो. भूतकाळाचंही तेच. ‘मी हिंदी शिकलो’, ‘मी चहा प्यायलो’ ही आपल्याकडे कर्त्याप्रमाणे चालणारी क्रियापदं. हिंदीत ती कर्माकडे बघतात, ‘मैंने हिंदी सीखी’, ‘मैंने चाय पी’. ‘मैं हिंदी सीखा’ म्हणणारी माणसं वर्षानुवर्षं हिंदी सिनेमे बघत आलेली असतात.

मुंबईच्या हिंदीबद्दल. ‘अशुद्ध’ हा शब्द मी वापरला, तो मागे घेते. तुमचा राग योग्य आहे. मराठवाड्यातली दख्खनी बोली ‘बाताँ’, ‘औरताँ’ असं अनेकवचन करते. ती तिची रीत आहे, त्यात चूक काढणारी मी कोण? मुंबईत टॅक्सीवाल्याशी बोलताना ‘मेरे बहन को’ म्हणून कुणाचं काही अडत नाही. पण माझ्याकडे येणाऱ्यांना परीक्षेचा पेपर लिहायचा असतो, अर्ज करायचा असतो, भोपाळच्या काउंटरवर बसायचं असतं. तिथे प्रमाण हिंदी मागतात. ती शिकवताना त्यांच्या घरच्या, गल्लीतल्या हिंदीला कमी लेखायची मला गरज नव्हती.

आता ‘दीवार को काला किया’. दीवार स्त्रीलिंगी, मग ‘काली’ का नाही? निरीक्षण अगदी अचूक आहे, आणि लेखात हे यायला हवं होतं. नामाच्या आधी येणारं विशेषण नामाला धरून राहतं, ‘काली दीवार को’. पण क्रियापदाशेजारी बसलेलं विशेषण, कर्माला ‘को’ लागलं की, क्रियापदाबरोबर तटस्थ रूपात जातं, आणि हिंदीत ते रूप पुल्लिंगी एकवचनासारखं दिसतं. ‘को’ काढा, लगेच ‘दीवार काली की’. मराठीला हे अजिबात परकं नाही. ‘आईने मुलीला मोठं केलं’ म्हणतो, ‘मुलीला मोठी केली’ म्हणत नाही. आपल्याकडे ‘मोठं’ हे नपुंसकलिंग डोळ्यांना दिसतं. हिंदीत त्याच जागी ‘बड़ा’ येतो. म्हणून ‘माँ ने छोटी बेटी को बड़ा किया’ या एका वाक्यात ‘छोटी’ बेटीची आहे आणि ‘बड़ा’ ‘किया’चा. हे वाक्य उद्या वर्गात फळ्यावर लिहिणार आहे.