काटा बघून निकाल देणाऱ्यांसाठी

आज डोकं फिरलंय, त्यामुळे पोस्ट लांबणार. ज्यांना वेळ नाही त्यांनी लाइक करून पुढे जावं.

एक वापरलेली एसयूव्ही बघून आलो. डिझेल, मॅन्युअल, फोर व्हील ड्राइव्ह, काटा 2,10,000 किलोमीटरवर. हौसेने घरच्या ग्रुपवर फोटो टाकला आणि एरवी महिनोन्‌महिने मुके असलेले सगळे तज्ज्ञ जागे झाले. "दोन लाख? अरे, भंगार आहे ते!" "दुसऱ्याचं दुखणं विकत घेतोयस." दाजींनी तर काही न लिहिता नुसते हात जोडले. गाडी कुणी चालवली, कुठे चालवली, काय काय बदललंय, हे एकानेही विचारलं नाही. आकडा बघितला, निकाल दिला.

आणि हीच माणसं साधा मोबाइल घेताना दुकानदाराचं डोकं खातात!

त्या गाडीचे मालक एक निवृत्त गृहस्थ. मी पोचलो तेव्हा बॉनेटवर हात ठेवून बघितला, थंडगार. म्हणाले, "मुद्दाम सुरू केली नाही. थंड असतानाच लावून बघा, काय ते कळेल." जुनी गाडी विकणारा माणूस स्वतःहून असं म्हणतो? मी आजवर बघितलेल्या गाड्या बहुतेक आधीच गरम करून ठेवलेल्या असायच्या. कारण थंड इंजिन खोटं बोलत नाही. सुरू होतानाची खडखड, निळा धूर, सगळं पहिल्या मिनिटात बाहेर येतं.

मग त्यांनी वही काढली. रबरबँड लावलेली, कोपऱ्यांवर ऑइलचे डाग पडलेली. प्रत्येक सर्व्हिसची तारीख, काटा, कुठल्या ग्रेडचं ऑइल, कुठला फिल्टर. टायमिंग बेल्ट बदलला तेव्हा टेन्शनर आणि वॉटर पंपही सोबत बदलल्याची नोंद, खाली पावती चिकटवलेली. ज्यांना या ओळीचं महत्त्व कळत नाही त्यांनी मला सल्ला देऊ नये, एवढंच म्हणणं आहे. बऱ्याच इंजिनांत हा बेल्ट तुटला की पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांवर आदळतात आणि इंजिनाचं काम तमाम होतं. काटा 60,000 असो की दोन लाख. आणि बेल्ट नुसता किलोमीटरने म्हातारा होत नाही, वर्षांनीही होतो.

आता जरा हिशोब करा, हिशोबी लोकहो. हायवेला ताशी 60 च्या सरासरीने पळालेल्या गाडीचं इंजिन 2,10,000 किलोमीटरला 3,500 तास चालतं. ट्रॅफिकमध्ये ताशी 20 ने रखडणारी गाडी तेवढेच तास 70,000 लाच पूर्ण करते. वर तिचा क्लच अर्धा दाबलेला, ब्रेक सतत घासलेले. डीपीएफवाली (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असलेली) डिझेल असेल तर आणखीच वाईट, कारण छोट्या छोट्या फेऱ्यांत एक्झॉस्ट पुरेसा तापत नाही, काजळी जळत नाही आणि फिल्टर चोंदतो. पण 70,000 चा फोटो टाकला असता तर तुम्ही सगळ्यांनी अंगठे दाखवले असते.

खरं सांगू? काटे मागे फिरवले जातात ते तुमच्यासारख्यांमुळेच. गिऱ्हाईक एकच आकडा बघणार म्हटल्यावर विकणारा तोच आकडा सजवणार. तशी एक गाडीही बघितली होती मी. काट्यावर किरकोळ आकडा, पॉलिश चकचकीत, आणि क्लच पेडलचं रबर झिजून गुळगुळीत. स्टिअरिंगचं लेदर आरशासारखं. सीटची दाराकडची कड दबून गेलेली. वही विचारली तर "सगळं कंपनीतच केलंय" एवढंच उत्तर. पावती एकही नाही.

बरं, दाजी, तुमचंही थोडं खरं आहे. टर्बो, इंजेक्टर, ड्युअल मास फ्लायव्हील यांना आयुष्य असतं आणि वही कितीही नीट ठेवली तरी ते कधीतरी संपतंच. गाडी जुनी झाली म्हणून तिचे पार्ट स्वस्त होत नाहीत. जड गाडी, त्यामुळे बुश, बॉल जॉइंट, शॉकअप लवकर जातात. म्हणून सगळे पैसे गाडीतच घालायचे नाहीत, दुरुस्तीसाठी वेगळी रक्कम बाजूला हवी. ती नसेल तर घेऊ नये, हे मलाही मान्य आहे. बाजूला काढलीय.

त्या गृहस्थांनी स्वतःहून दोन गोष्टी सांगितल्या. एक ग्लो प्लग (थंड डिझेल इंजिन सुरू होताना आतून तापवणारा) गेलाय, आणि मागच्या डिफरन्शियलच्या (मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरच्या डब्याच्या) सीलमधून ऑइल पाझरतंय. मी खाली वाकून बघितलं, खरंच ओलं होतं. टायर चारही एकाच कंपनीचे, सारखे झिजलेले, बाजूवर 2321 छापलेलं, म्हणजे 2021 सालच्या तेविसाव्या आठवड्यातले. रबर वयाने कडक होतं, त्यामुळे ते बदलावे लागतील. पण फोर व्हील ड्राइव्हला चार तऱ्हेचे टायर लावून ट्रान्सफर केसची (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या डब्याची) वाट लावणारे बघितलेत मी, त्यामुळे बरं वाटलं. निघताना त्यांनी हळूच विचारलं, "तुम्ही स्वतः चालवणार ना?" माझ्याकडे पटकन उत्तर नव्हतं. इतकी वर्षं एका गाडीची वही लिहिणाऱ्या माणसाला आपण "भंगार विकतोय" म्हणतो, याचंच जास्त वाईट वाटलं.

अजून घेतलेली नाही. परवा ओळखीच्या मेकॅनिकला घेऊन जातोय, गाडी लिफ्टवर चढवणार. चेसिसला वरवरचा गंज असेल तर हरकत नाही, पण स्क्रू ड्रायव्हर टोचल्यावर पत्रा आत गेला तर विषय संपला, वही कितीही सुंदर असो. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा दाबली जाते तो दाब, चारही सिलिंडरचं जवळजवळ सारखं यायला हवं. ऑइलचं झाकण उघडल्यावर भकाभक वाफ आली तरी नाही घेणार.

सल्ले पुरे झाले. कुणाकडे ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) असेल तर परवापुरता द्या, संध्याकाळी परत आणून देतो.