अमेरिकेने चेनसॉ गमावली, आणि आपण ती कधी बनवलीच नाही

‘चायना माल आहे, टिकणार कसा?’ हे वाक्य आमच्या दापोलीच्या बाजूला चेनसॉबद्दल, म्हणजे झाडं कापायच्या साखळीच्या करवतीबद्दल, कायम ऐकू येतं. जून २०२० मध्ये निसर्ग वादळाने पोफळी, माड, आंब्या-फणसाची जुनी झाडं आडवी केली आणि त्यानंतर गावोगाव कटर, म्हणजे याच पेट्रोलवरच्या चेनसॉ, आले. बरेचसे अनोळखी नावाचे, अंगावर ५२ किंवा ५८ सीसीचा स्टिकर. आज त्यातले किती चालू आहेत ते ज्याच्या त्याच्या पडवीत जाऊन बघावं. पण सगळा दोष चीनवर टाकून आपण मोकळे होतो, ते मला पटत नाही. ही मशीन ज्या अमेरिकेने सामान्य माणसाच्या हातात दिली, तिथले कारखाने कसे गेले हे एकदा नीट बघा.

रॉबर्ट मॅकलॉक हे नाव घ्यायलाच हवं. लॉस एंजेलिसचा इंजिनवाला माणूस. १९४९ साली त्याने ३-२५ नावाची चेनसॉ काढली. वजन २५ पौंड, म्हणजे साधारण ११ किलो. तोपर्यंत बहुतेक चेनसॉ म्हणजे दोन माणसांनी दोन टोकांना धरायचं अवजड धूड असा हिशेब होता. ही एकट्याने उचलता येत होती. धंदा इतका वाढला की मॅकलॉकने ॲरिझोनाच्या वाळवंटात, कोलोरॅडो नदीवरच्या तलावाकाठी लेक हवासू सिटी हे अख्खं शहर वसवायला घेतलं आणि लोकांना काम मिळावं म्हणून चेनसॉचा कारखाना तिथे नेला. पुढे याच माणसाने १९६८ साली लंडनचा जुना पूल २४ लाख ६० हजार डॉलरला विकत घेतला, त्याचे दगड जहाजाने आणले आणि १९७१ साली तो या शहरात उभा केला. चेनसॉ विकून लंडन ब्रिज विकत घेणारा माणूस ज्या धंद्यातून निघाला, तो धंदा किती जोरात असेल विचार करा.

१९७३ साली कंपनी ब्लॅक अँड डेकरकडे गेली. मग आणखी मालक बदलले. १९९९ साली दिवाळं निघालं आणि मॅकलॉक या नावाची वाटणी झाली: अमेरिकेतले हक्क तैवानच्या एका कंपनीकडे, युरोपातले स्वीडनच्या हुस्कवार्नाकडे. पूल अजून उभा आहे, बघायला लोक जातात. कारखाना गेला.

होमलाइटचंही तेच. न्यूयॉर्क राज्यातल्या पोर्ट चेस्टरची कंपनी. आधी टेक्स्ट्रॉनने घेतली, १९९४ साली जॉन डियरने, २००१ साली हाँगकाँगच्या टेकट्रॉनिकने. लुइझियानातल्या श्रीव्हपोर्टची पूलन इलेक्ट्रोलक्समार्गे हुस्कवार्नाकडे गेली. नाव दुकानात दिसत राहिलं, माल कुठला ते दर काही वर्षांनी बदलत गेलं.

यावर ठरलेलं उत्तर येतं की अमेरिकेत मजुरी महाग, म्हणून धंदा बाहेर गेला. मग जर्मनीत काय मजुरी फुकट आहे? आंद्रेआस श्टिल या माणसाने १९२६ साली श्टुटगार्टमध्ये काम सुरू केलं, आणि शंभर वर्षांनंतरही ही चेनसॉ कंपनी त्याच घराण्याच्या मालकीची आहे. मुख्यालय जवळच्या वाइब्लिंगेनला. चेन स्वित्झर्लंडमधल्या व्हील गावी त्यांच्याच कारखान्यात बनते, म्हणजे मजुरी जगात सर्वात महाग असलेल्या देशांपैकी एका देशात. मॅग्नेशियमचं कास्टिंगही घरचंच. हुस्कवार्ना आजही स्वीडनमधल्या हुस्कवार्ना गावात चेनसॉ बनवते. १९७४ साली श्टिलने अमेरिकेतच, व्हर्जिनिया बीचला कारखाना काढला आणि तो आजही चालू आहे. जिथून अमेरिकन कंपन्या पळाल्या तिथे जर्मन कंपनी येऊन बसली. त्यांचा चीनमध्येही कारखाना आहे हे खरं, पण तो काढताना त्यांनी बाकीचे बंद केले नाहीत.

माझ्या मते खरा घाव विक्रीच्या पद्धतीने घातला. सत्तरच्या दशकात तेल महागलं, अमेरिकेतल्या घराघरात लाकडाच्या शेगड्या आल्या आणि चेनसॉचा खप एकदम वाढला. सगळ्या कंपन्या हलक्या, स्वस्त मशीनच्या मागे लागल्या आणि माल मोठमोठ्या स्टोअरच्या फळीवर गेला. तेल स्वस्त झालं तसा खप पडला. मग राहिलं काय? फक्त किंमत. फळीवर किंमत लिहिलेली असते, पाच वर्षांनी सुटा भाग मिळेल का ते लिहिलेलं नसतं. किंमत उतरवायची तर भाग हलके करायचे, ते करूनही भागलं नाही तर कारखाना हलवायचा. श्टिलने अमेरिकेत उलटा रस्ता धरला. मोठ्या स्टोअरना माल द्यायचाच नाही, जो दुरुस्तीही करतो अशाच दुकानदाराला द्यायचा. ‘जगात सर्वात जास्त विकली जाणारी चेनसॉ तुमच्या मोठ्या स्टोअरमध्ये का मिळत नाही?’ अशा अर्थाची जाहिरातच त्यांनी त्या दुकानांची नावं घेऊन केली होती. जो दुकानदार उद्या दुरुस्तीला बसणार आहे, तो आज हलका माल ठेवत नाही. एवढी साधी गोष्ट आहे.

आता आमच्या गावातल्या मेकॅनिकच्या टेबलावर या. बिननावाचा कटर उघडला की एक्झॉस्टच्या बाजूने पिस्टनवर उभे ओरखडे असतात, रिंग चिकटून बसलेली असते. काही वेळा पेट्रोलमध्ये टू-टी ऑइल कमी घातलेलं असतं, काही वेळा कार्बोरेटरचा पातळ पडदा कडक होऊन पेट्रोलच पुरेसं येत नसतं. हा पडदा म्हणजे या मशीनचा जीव आहे, त्याच्यामुळे चेनसॉ आडवी, उलटी कशीही धरली तरी चालते. पडदा काही रुपयांचा. पण मागवला तर तसाच दिसणारा येतो आणि भोकं मिलिमीटरभर सरकलेली असतात. कारण दोन वर्षांपूर्वी ज्या नावाने मशीन आली ते नाव आता बाजारात नाही. मेकॅनिकला अक्कल आहे, हात आहे, भाग नाही. तिकडे झेजियांग प्रांतातल्या योंगकांगसारख्या शहरात उत्तम मशीनही बनते आणि टाकाऊही. आपला व्यापारी मागवतो काय, हा प्रश्न आपण विचारत नाही.

आणि आता जे मला खरोखर सलतं ते. चेनसॉ म्हणजे शेवटी टू-स्ट्रोक इंजिन. महाराष्ट्राला टू-स्ट्रोक नवीन होतं का? १९७२ साली कायनेटिकची लुना आली, ५० सीसी. आकुर्डीत बजाजची चेतक बनायची, तीही टू-स्ट्रोक. सिलिंडर, पिस्टन, क्रँक, मॅग्नेटो सगळं पुणे, नगर, कोल्हापूर या पट्ट्यात बनत होतं आणि गल्लीतला पोरगा डोळे मिटून कार्बोरेटर साफ करत होता. चेनसॉचं इंजिन फार जास्त वेगाने फिरतं, तिचं कास्टिंग हलकं लागतं, हे मान्य. पण पाया तोच होता. धुराच्या नियमांमुळे टू-स्ट्रोक रस्त्यावरून गेलं, ते जायलाच हवं होतं. पण शेतासाठी, बागेसाठी, फवारणीसाठी ते हवंच होतं, आणि ते बनवायचं ज्ञान आपण गाडीबरोबर सोडून दिलं. आज फवारणी पंप, ग्रासकटर, चेनसॉ, बागायतदाराच्या पडवीतलं बरंचसं इंजिन बाहेरून येतं.

पूर्ण मशीन जाऊ द्या, चेन घ्या. आजच्या चेनचा दात जोसेफ कॉक्स नावाच्या अमेरिकन लाकूडतोड्याने काढला. १९४६ साली ओंडक्यात भुंग्याची अळी बघितली, ती जबड्याने एकदा डावीकडे एकदा उजवीकडे कुरतडत सरळ आत चालली होती. त्यावरून त्याने वळलेले दात एकाआड एक डावे-उजवे बसवले आणि १९४७ साली पोर्टलंडमध्ये धंदा सुरू केला. कोणी बुद्धिमान इंजिनिअर नव्हे, रोज तेच काम करणारा माणूस. आपल्याकडे असा कटरवाला प्रत्येक गावात आहे. तो गोल कानशीने दात लावताना कोन हाताने धरतो, कुठली चेन फणसाच्या चिकात किती टिकते हे त्याला पाठ आहे. त्याच्याशी बोलायला कुठला कारखानदार येत नाही.

आता बॅटरीवर चालणारी चेनसॉ येते आहे. कॅलिफोर्नियात २०२४ पासून नव्याने बनवलेली बहुतेक छोटी पेट्रोल इंजिनं विकायला बंदी आहे, ४५ सीसी आणि त्यावरच्या चेनसॉ सोडून. श्टिलने २०३५ पर्यंत आपल्या यंत्रांपैकी ८० टक्के बॅटरीवर न्यायचं ठरवलं आहे. म्हणजे इंजिन बनवता येत नाही हे कारण संपलं. मोटर आणि कंट्रोलर पुण्याच्या आसपास रोज बनतात, स्कूटरसाठी. चेन आणि ती जिच्यावरून फिरते ती पट्टी मात्र तीच राहणार, आणि त्या झिजतच राहणार.

म्हणून चाकण, भोसरी, शिरोलीतल्या वर्कशॉपवाल्या मित्रांना विचारतोय: चांगल्या स्टीलची, नीट उष्णतोपचार केलेली चेन आणि पट्टी आपल्याकडे बनवायला नेमकी अडचण कशाची आहे? स्टीलची, मशीनची, की एवढा खप नाही म्हणून? ज्यांनी प्रयत्न करून सोडून दिला असेल त्यांनी तर नक्की लिहा. आमच्याकडचे दोन-तीन कटरवाले नमुने वापरून खरं काय ते सांगायला तयार आहेत.