इओलानी पॅलेस वगळा म्हणणाऱ्यांना उत्तर

हवाईला निघालेल्यांच्या ग्रुपांवर एक सल्ला हमखास फिरतो. थोडक्यात असा: ‘होनोलुलूचा इओलानी पॅलेस वगळला तरी चालेल. अमेरिकेतला एकमेव राजवाडा म्हणून उगाच गाजावाजा. सगळी युरोपची नक्कल. राजाने उधळपट्टी केली, राणीने गादी सोडली, लोक राजीखुशीने अमेरिकेत गेले. आत निम्म्या खोल्या रिकाम्या. बाहेरून फोटो काढा आणि वायकिकीचा किनारा गाठा.’

‘एकमेव’ हे आधी उरकून टाकू. हवाईच्याच कैलुआ-कोना गावात 1838 सालचा हुलिहेए राजवाडा आहे, होनोलुलूच्याच नुउआनू भागात राणी एम्माचा उन्हाळी वाडा आहे, आणि दोन्ही संग्रहालयं म्हणून खुली आहेत. इओलानी हे राज्यकर्त्या राजाचं अधिकृत निवासस्थान, दरबार भरायचा तो इथे. वेगळेपण आहे ते एवढंच.

नक्कल? दर्शनी खांब आणि मनोरे बघून तसं वाटेल खरं. पण ते मुद्दाम केलेलं होतं. हवाई तेव्हा स्वतंत्र राज्य होतं, आणि त्याचा राजा कालाकाउआ 1881 मध्ये जगाच्या फेरीवर निघाला. जपान, सयाम, कलकत्ता, आपली मुंबई, इजिप्त, युरोप असं करत न्यूयॉर्कला एडिसनलाही भेटला. ज्यांची लढाऊ जहाजं आपल्या बंदरात येतात, त्यांनी आपल्याला बरोबरीचं मानावं, ही त्याची धडपड होती. वाडा 1882 मध्ये पुरा झाला आणि पुढच्या फेब्रुवारीत त्याच आवारात राज्याभिषेक झाला, तेव्हा मिशनऱ्यांनी नाकं मुरडलेलं हुला नृत्य राजाने थाटात करवून घेतलं. ही नक्कल असेल तर अस्सल कशाला म्हणायचं?

उधळपट्टीचा आरोप मात्र अगदीच खोटा नाही. 3 लाख 40 हजार डॉलरच्या वर खर्च गेला, आणि त्या चिमुकल्या राज्याला तो झेपणारा नव्हता. 1887 मध्ये वाड्यात विजेचे दिवे लागले. व्हाइट हाउसला वीज मिळाली 1891 मध्ये. पण त्याच 1887 साली, खर्चाच्या नावाने बोटं मोडणाऱ्या गोऱ्या धनिकांच्या गटाने सशस्त्र दलाच्या धाकावर राजाकडून नव्या राज्यघटनेवर सही करून घेतली. मिळकतीची अट घालून असंख्य हवाईयन लोकांचं मत काढून घेणारी ती घटना. तेव्हा हिशेबाची काळजी कुणाला किती होती, ते तुम्हीच ठरवा.

आता राणीने गादी सोडल्याचं. 16 जानेवारी 1893 ला ‘बॉस्टन’ या अमेरिकन युद्धनौकेवरून दीडशेहून अधिक सैनिक शहरात उतरले आणि दुसऱ्या दिवशी राणी लिलिउओकलानीला, म्हणजे कालाकाउआनंतर गादीवर आलेल्या त्याच्या बहिणीला, पदच्युत करण्यात आलं. अमेरिकेच्या बळापुढे आपण माघार घेत आहोत आणि चौकशी होऊन न्याय मिळेपर्यंतच, असं तिने तेव्हा लेखी दिलं. ज्या राजीनाम्याचा दाखला दिला जातो, तो दोन वर्षांनंतरचा. तिला परत गादीवर बसवण्यासाठीचं 1895 चं बंड फसल्यावर तिला अटक झाली आणि कोठडीतच तिने त्या कागदावर सही केली. आपल्या माणसांचे जीव वाचावेत म्हणून केली, असं तिने पुढे सांगितलं. मग खटला चालला, तोही तिच्याच सिंहासनाच्या दालनात. शिक्षा पाच वर्षं सक्तमजुरी आणि पाच हजार डॉलर दंड. प्रत्यक्षात वरच्या मजल्यावरच्या एका खोलीत सुमारे आठ महिने कैद. त्या दिवसांत शिवायला घेतलेली गोधडी आज वाड्यात काचेआड आहे. रेशमाचे, मखमलीचे वेडेवाकडे तुकडे, वर बारीक भरतकाम. मधल्या चौकोनापाशी थांबा: हवाईचे झेंडे आहेत आणि राज्य गेल्याची, अटकेची तारीख दोऱ्याने लिहिलेली आहे. खुशीने गादी सोडणारी बाई या तारखा कशाला टाचून ठेवील?

लोकांच्या राजीखुशीचं तर विचारूच नका. अमेरिकेतल्या विलीनीकरणाविरुद्धच्या 1897 च्या अर्जावर एकवीस हजारांहून जास्त सह्या होत्या, आणि तेव्हा मूळ हवाईयन होते चाळीस हजारांच्या आसपास. विलीनीकरणाचा करार दोन-तृतीयांश मतांअभावी अमेरिकी सिनेटमध्ये अडला, तर 1898 मध्ये साध्या बहुमताच्या संयुक्त ठरावाने काम भागवलं. 12 ऑगस्टला याच वाड्यासमोर हवाईचा झेंडा उतरला. अमेरिकेचं घटक राज्य होण्याच्या बाजूने पडलेला 1959 चा 94 टक्क्यांचा कौल सगळे सांगतात. त्या मतपत्रिकेवर स्वातंत्र्याचा पर्यायच नव्हता, हे कोणी सांगत नाही. 1993 मध्ये अमेरिकी काँग्रेसने राज्य उलथवण्यातल्या सहभागाबद्दल ठराव करून माफी मागितली. राजीखुशीचा मामला असता तर माफी कशाची?

राहिल्या रिकाम्या खोल्या. राज्य गेल्यावर वाड्यातलं सामान लिलावात निघालं. सिंहासनाच्या दालनात कायदेमंडळ बसायचं आणि 1969 पर्यंत सरकारी कारभार इथूनच चालला. 1978 मध्ये संग्रहालय खुलं झालं, आणि विखुरलेल्या वस्तूंचा शोध अजून चालू आहे. एक टेबल तर थेट अमेरिकेतल्या आयोवा राज्याच्या गव्हर्नरच्या निवासस्थानी सापडलं. तळघरातल्या राजमुकुटाचे खडेही नकली, कारण खरी रत्नं 1893 मध्येच कोणीतरी उपसून नेली.

तिकीट काढणार असाल तर मार्गदर्शकासोबतची फेरी घ्या. बुटांवर चढवायला कापडी खोळी देतात, त्या घालून कोआ या हवाईतल्या झाडाच्या लाकडाच्या जिन्याने वर जा, आणि मोकळी जागा दिसली की तिथे काय होतं ते विचारा.