सीएची फी भाड्यातून वजा होते का? एक खुलासा

'फ्लॅट भाड्याने दिला असेल तर सीए वाचवलेल्या कराच्या दहा टक्के फी घेतो, तसा नियमच आहे. आणि ती फी भाड्यातून वजा होते,' असा निरोप गृहसंकुलांच्या ग्रुपवर फिरतो आहे. दोन्ही गोष्टी चूक आहेत.

रिटर्न भरून देण्यासाठी कर वाचला त्या टक्केवारीवर फी घेणं सनदी लेखापालांना, म्हणजे सीएंना, १९४९च्या सनदी लेखापाल कायद्यानेच मना आहे. कोणी तसं मागितलं, तर तो सीए आहे की नुसता कर सल्लागार, हे आधी विचारा. सीएंच्या संस्थेचा (आयसीएआय) फीचा तक्ता शिफारशीपुरता असतो, बंधनकारक नाही.

आता वजावट. वर्षाचं भाडं २,४०,००० आणि भरलेला मालमत्ता कर १०,००० असेल, तर उरलेल्या २,३०,०००मधून सरसकट ३० टक्के, म्हणजे ६९,००० वजा होतात. शिवाय कर्जाचं व्याज. बस्स. दुरुस्ती, दलाली, सीएची फी सगळं त्या ३० टक्क्यांतच आलं. वेगळी पावती जोडून उपयोग नाही.

फी ठरते कामावर. एका फ्लॅटच्या भाड्याचं रिटर्न किरकोळ काम. विक्रीच्या वर्षी मात्र जुनं खरेदीखत शोधा, २३ जुलै २०२४ आधीची खरेदी असेल आणि विकणारा भारतातला रहिवासी असेल तर नफ्यावर १२.५ टक्के कर बरा की खरेदीची किंमत महागाई निर्देशांकाने वाढवून २० टक्के हे मांडून पाहा, असा व्याप असतो. विकणारा दुबईत किंवा अमेरिकेत असेल, तर कमी टीडीएसचा (पैसे देतानाच कापल्या जाणाऱ्या कराचा) दाखला आणि पैसे बाहेर नेण्याची कागदपत्रं वेगळी. आकडा लेखी घ्या, जीएसटी धरून विचारा: ५,००० सांगितले तर १८ टक्क्यांनी ५,९०० होतात.