विटांवर वाळू मारून बाजारपेठ जिवंत होत नाही

अमेरिकेतल्या छोट्या गावांनी ओस पडलेली जुनी डाउनटाउन, म्हणजे गावातली मुख्य बाजारपेठ, पर्यटकांनी कशी भरली, असा एक मेसेज सध्या सगळीकडे फिरतोय. माझी मावसबहीण तिकडच्या अशाच एका गावात राहते आणि बाजारपेठ समितीत काम करते. "पुढच्या बैठकीत हेच मांडणार," असं तिनं कळवलं, तेव्हा मात्र राहवेना. मेसेजात चार उपाय आहेत: जुन्या विटांवर हवेच्या दाबाने वाळूचा मारा करून त्या नव्यासारख्या करा, मुख्य रस्ता गाड्यांना बंद करा, सगळ्या गावाला एक ‘थीम’ द्या, पर्यटक आणा, बाकीचं आपोआप होईल.

पहिला उपाय नुसता चुकीचा नाही, घातक आहे. जुन्या विटेचा बाहेरचा थर भट्टीत भाजून टणक झालेला असतो, आतला भाग त्यामानाने मऊ आणि सच्छिद्र. वाळूच्या माऱ्याने तो टणक थरच उडतो. वीट आठवडाभर लालभडक दिसते, म्हणून फोटो छान येतात. मग ती पाणी पिऊ लागते, थंडीत आतलं पाणी गोठून फुगतं आणि पापुद्रे सुटतात. वाळू मारलेली भिंत जवळून ओळखता येते: विटांच्या कडा गोलसर झालेल्या, हाताला खरखरीत, दोन विटांमधल्या दरजा (सांधे) रुंदावलेल्या. मेसेज पुढे सांगतो, त्या दरजा सिमेंटने पक्क्या करा! पूर्वी त्या चुन्याने भरत, कारण चुना विटेपेक्षा मऊ असतो. भिंत हलली किंवा ओल आली तर आधी तो झिजतो, आणि तो पुन्हा भरता येतो. टणक सिमेंट भरलं की झीज विटेच्या वाट्याला येते.

हे माझं मत नाही. ऐतिहासिक इमारतींचंही काम पाहणाऱ्या अमेरिकेच्या नॅशनल पार्क सर्व्हिस या सरकारी खात्याने 1979 सालीच अशा माऱ्याच्या धोक्यांवर स्वतंत्र पुस्तिका काढली. जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचे जे केंद्रीय निकष आहेत, त्यांतही वाळूच्या माऱ्याचं नाव घेऊन मनाई आहे. उत्पन्न देणाऱ्या ऐतिहासिक इमारतीच्या पात्र दुरुस्तीखर्चावर 20 टक्के करसवलत मिळते, ती हे निकष पाळले तरच. म्हणजे या सल्ल्याने भिंतही जाईल आणि सवलतही.

रस्ता बंद करण्याचं म्हणाल, तर मिशिगन राज्यातल्या कॅलामझू शहराने 1959 मध्ये ते करून पाहिलं, कित्येक शहरांनी त्याचं अनुकरण केलं, आणि बहुतेकांनी पुढे रस्ते पुन्हा खुले केले. कॅलामझूनेही 1998 मध्ये तेच केलं. बोल्डर आणि बर्लिंग्टन या शहरांमध्ये हा प्रयोग टिकला, हे मान्य करावंच लागेल. पण दोन्हीकडे विद्यापीठ जवळ आहे, पायी येणारी माणसं बारा महिने आहेत.

थीमचा दाखला म्हणून वॉशिंग्टन राज्यातल्या लेव्हनवर्थचं नाव दिलंय. गिरणी आणि रेल्वे गेलेल्या त्या गावाने 1960च्या दशकात बव्हेरियन, म्हणजे जर्मनीतल्या डोंगरी गावासारखं, रूप घेतलं आणि ते तगलं, खरं आहे. पण मागे बर्फाचे डोंगर होते म्हणून ते शोभलं. सपाट माळावरच्या गावाने लाकडी सज्जे लावून काय साधणार?

राहिला पर्यटकांचा मुद्दा. जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या अमेरिकी संस्थेने 1977 मध्ये गेल्सबर्ग, मॅडिसन आणि हॉट स्प्रिंग्ज या तीन गावांत बाजारपेठ पुन्हा जिवंत करण्याचा ‘मेन स्ट्रीट’ प्रयोग सुरू केला. त्यातून जी पद्धत रुळली तिचे चार भाग: संघटन, प्रसिद्धी, रचना आणि अर्थकारण. नुसत्या प्रसिद्धीवर कुणी थांबलं नाही. पर्यटक शनिवार-रविवारी येईल. मंगळवारी दुकान चालायला वरच्या मजल्यावर राहणारा माणूस लागतो.

तेव्हा ताई, बैठकीत आधी एवढंच विचार: दुकानांवरचे किती मजले रिकामे आहेत आणि का? आणि पन्नास-साठच्या दशकात ठोकलेले अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे कुठल्या इमारतींवर अजून आहेत? ते काळजीपूर्वक उतरवले तर खाली जुनी दर्शनी भिंत पुष्कळदा शाबूत सापडते. वाळूच्या कंत्राटदाराला मात्र अजिबात बोलावू नका.