बाये, तूं खंयची?

गोव्यात आमच्या फोंडा तालुक्यातल्या गावात डोंगराच्या उतारावर बंगल्यांचा मोठा प्रकल्प येऊ घातला आहे आणि त्यावरून ग्रामसभा तापल्या आहेत. रविवारी सभा आटोपली की संध्याकाळपर्यंत तिचे व्हिडिओ इंग्लंडात, स्विंडनला, माझ्या फोनवर येऊन पडतात. परवाच्या व्हिडिओत गावातच भाड्याने राहणारी एक तरुणी उठली. उताराखालच्या विहिरींची पातळी तिने उन्हाळाभर दोरी सोडून मोजली होती, ती वाचून दाखवत होती. तिसऱ्या विहिरीवर आली असेल नसेल, मागून आवाज आला, "बाये, तूं खंयची?" म्हणजे, बाई, तू कुठली? सभा हसली. चौथ्या विहिरीत किती पाणी होते ते कोणालाच कळले नाही. प्रकल्पवाल्यांचा माणूस दिल्लीचा की मुंबईचा, हे मात्र कोणी विचारले नाही. तो पंचांच्या शेजारी खुर्चीवर बसला होता.

मन वळवण्याच्या तीन वाटा ॲरिस्टॉटलने सांगून ठेवल्या त्याला तेवीसशेच्या वर वर्षे झाली. बोलणाऱ्याची पत, म्हणजे एथॉस. ऐकणाऱ्याच्या भावनेला घातलेला हात, म्हणजे पॅथॉस. आणि मुद्द्याचे स्वतःचे बळ, म्हणजे लोगॉस. यातला तर्क तेवढा सोवळा आणि बाकी दोन ओवळे, असे तो म्हणत नाही. उलट पत ही जवळजवळ सर्वांत प्रभावी, असेच त्याचे मत. अट एवढीच, की ती बोलण्यातून उभी राहिली पाहिजे, लोकांनी आधीच करून घेतलेल्या मतातून नव्हे. आणखी एक गोष्ट त्याने अचूक हेरली होती. जो दुवा श्रोत्यांच्या मनात आधीच असतो तो वक्त्याने बोलायची गरज नसते, श्रोते आपणच भरून घेतात. 'भाड्याने राहणाऱ्याने गावच्या पाण्याबद्दल बोलू नये' हे वाक्य त्या सभेत कोणी उच्चारले नाही. उच्चारले असते तर त्यावर भांडता तरी आले असते.

इथे स्विंडनला नगरपालिकेच्या बांधकाम परवानगी समितीपुढे लोकांना बोलू देतात, साधारण तीन मिनिटे. तुम्ही कुठले, तुमचे आजोबा कुठले, ही चौकशी नाही. घरासमोरचे दृश्य जाईल, घराची किंमत उतरेल, असली गाऱ्हाणी जमेस धरत नाहीत. वाहतूक, सांडपाणी, पुराचा धोका यावर बोला. पहिल्यांदा ऐकले तेव्हा हरखलो होतो. पण मग लक्षात यायला लागले, की जन्मभर त्या शेताच्या कडेने चालत आलेल्या म्हाताऱ्याला अध्यक्ष सौजन्याने 'आभारी आहोत' म्हणतात आणि बिल्डरच्या सल्लागाराचा जाडजूड अहवाल मात्र पानापानाने चर्चेला येतो. पत इथेही चालते, ती अहवालाच्या मुखपृष्ठावर छापलेली असते. आणि तर्काचे म्हणाल, तर २०१६ साली ब्रेक्झिटवाल्यांच्या लाल बसवर युरोपीय संघाला आठवड्याला जाणाऱ्या ३५ कोटी पौंडांचा आकडा रंगवला होता, ते पैसे सरकारी इस्पितळांना देऊ या म्हणून. तो दिशाभूल करणारा आहे असे सरकारी आकडेवारीवर देखरेख करणाऱ्या संस्थेने सांगूनही बस फिरतच राहिली. दिसायला आकडा, पण पोटात सरकारी इस्पितळांविषयीची माया. स्विंडननेही बाहेर पडण्याच्याच बाजूने कौल दिला.

म्हणून 'साहेबाकडून शिका' असे मी म्हणणार नाही. शिकायचे तर १६ जानेवारी १९६७ च्या आपल्याच जनमत कौलाकडून. फूल म्हणजे महाराष्ट्रात विलीनीकरण, दोन पाने म्हणजे वेगळा केंद्रशासित प्रदेश. (आमचे घर फुलवाले, हेही सांगून टाकतो.) गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर बहुजन समाजाच्या गळ्यातले ताईत, आणि भाऊंना विलीनीकरण हवे होते. विलीनीकरणाच्या विरोधकांनी मराठी वाचकाला त्याच्याच मराठीत गाठले. उदय भेंब्रे यांचे 'ब्रह्मास्त्र' हे सदर 'राष्ट्रमत'मध्ये मराठीतच येत असे. दोन पानांना १,७२,१९१ मते पडली, फुलाला १,३८,१७०. गंमत पुढेच आहे. मार्चमध्ये विधानसभेची निवडणूक झाली आणि लोकांनी भाऊंच्या महाराष्ट्रवादी गोमंतक (मगो) पक्षालाच पुन्हा सत्तेवर बसवले. भाऊ आमचे, पण त्यांचा हा मुद्दा आमचा नव्हे, असा हिशेब पुष्कळांनी अडीच महिन्यांत दोनदा मांडला.

आज तो हिशेब हातून निसटतो आहे. 'भायलो', म्हणजे बाहेरचा, या शब्दामागची भीती खोटी आहे असे नाही. जमिनी विकल्या जाताना, डोंगर कापले जाताना गावाने पाहिले आहेत, आणि विहीर आटली की टँकरची वाट गावालाच पाहावी लागते. पण कोणाचे ऐकावे, यावर आपल्या न्यायशास्त्रानेही, म्हणजे जुन्या तर्कविद्येनेही, विचार करून ठेवला आहे. ज्याने वस्तू प्रत्यक्ष जाणली आणि जशी जाणली तशी सांगण्याची ज्याची इच्छा आहे तो आप्त, म्हणजे भरवशाचा सांगणारा, असे न्यायसूत्रांचा भाष्यकार वात्स्यायन सांगतो. आणि हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ यांना सारखेच लागू, असेही लगेच जोडतो. विहिरीत दोरी सोडणारी भाडेकरू या कसोटीला उतरते. खुर्चीवरच्या माणसाने विहीर पाहिली होती का, एवढे तरी विचारायला हवे होते.

माझ्याबद्दलही विचारतात. "थंय बसून उलोवंक कितें जाता?" तिथे बसून बोलायला काय जाते, हा प्रश्न रास्त आहे. भारतीय पासपोर्टावर, राष्ट्रकुलाचा नागरिक म्हणून मी स्विंडनमध्ये मत देतो. गावात द्यायचे तर विमानाचे तिकीट काढून केंद्रावर उभे राहावे लागते. इथल्या ज्या गोवेकरांनी पोर्तुगीज पासपोर्ट घेतला त्यांना तेही दार बंद. टँकर आमच्या दारात येत नाही, तेव्हा आमच्या शब्दाला थोडी कात्री लावा. पण मग प्रकल्पाला पाणी कुठून येणार, याचे उत्तर सरपंचांनी गावात राहणाऱ्यांना तरी द्यावे. अजून दिलेले नाही.

पुढच्या ग्रामसभेत विषय पुन्हा आहे. चुलतभावाला फोन करून सांगितले, त्या मुलीकडून आकड्यांचा कागद घे आणि तू वाच, तुझे घर तर वाड्यावरच आहे. तो म्हणाला, "वाचतां. पूण म्हाका विचारतले, तुका हें कोणें शिकयलें?"