बूस्ट वाढवला म्हणून फ्युएल मॅप नुसता ताणायचा नसतो

बूस्ट म्हणजे टर्बोने वाढवलेला हवेचा दाब, आणि फ्युएल मॅप म्हणजे कुठल्या लोडला (इंजिनात किती हवा भरतेय त्याला) आणि आरपीएमला किती इंधन द्यायचं, याचं ईसीयूतलं, म्हणजे इंजिनाच्या कंप्युटरमधलं, टेबल. टर्बो पेट्रोल इंजिनाचं ट्यूनिंग शिकायला लागलं की एक सल्ला हमखास कानावर येतो. "बूस्ट जितक्या पटीत वाढवाल तितक्या पटीत फ्युएल मॅपचे आकडे वाढवा. तेवढ्या प्रेशरची ओळच मॅपमध्ये नसेल, तर लोडच्या अक्षावरचे आकडे बदलून तो वरपर्यंत ताणा. इंजेक्टर मोठे टाकले, तर त्या प्रमाणात सगळं कमी करा. राहिलेलं ओटू सेन्सर (एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजणारा) सांभाळून घेतो." सोपा आहे म्हणून हा सल्ला पसरतो. पण तो जसाच्या तसा पाळला तर चांगली इंजिनं फुकट जातात, म्हणून यातला एकेक मुद्दा तपासू.

आधी पटीचा हिशोब. बूस्ट गेज फक्त वातावरणाच्या वरचा दाब दाखवतो, सिलिंडरमध्ये हवा भरते ती एकूण दाबाने. 0.5 बारवरून 1 बारवर गेलात तर गेजवरचा आकडा दुप्पट होतो, पण एकूण दाब साधारण 150 किलोपास्कलवरून 200 वर जातो. म्हणजे वाढ एक तृतीयांश. तीही पूर्ण पदरात पडत नाही, कारण दाबलेली हवा तापते. 25 अंशांची हवा 70 टक्के कार्यक्षमतेच्या कंप्रेसरने दुप्पट दाबाला नेली, की ती 115 अंशांच्या पुढे जाते. इंटरकूलर त्यातलं किती उतरवतो, त्यावर हवेचं खरं वजन ठरतं. शिवाय स्पीड-डेन्सिटी पद्धतीच्या (दाब आणि तापमानावरून हवेचा हिशोब करणाऱ्या) ईसीयूत टेबलमध्ये इंजिन किती टक्के भरतं एवढंच लिहिलेलं असतं, दाबाचा गुणाकार ईसीयू स्वतः करतो. तिथे टेबलही वाढवलं, तर तीच वाढ दोनदा मोजली जाते.

आता अक्ष ताणण्याचा मुद्दा. सगळ्यात घातक हाच आहे. समजा, मॅपच्या ओळी 20 ते 200 किलोपास्कलपर्यंत आहेत आणि रकान्यांत इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडा ठेवायचा ते थेट लिहिलंय. तुम्ही रकान्यांना हात न लावता अक्ष 250 पर्यंत ताणला. पूर्वी 160 ची होती ती ओळ आता 200 ची झाली. म्हणजे इंजिन खरोखर 200 वर चालत असताना ईसीयू त्याला 160 चं इंधन देतो, गरजेच्या जेमतेम 80 टक्के. जिथे एअर-फ्युएल रेशो (इंधनाच्या किती पट वजनाची हवा, आकडा वाढला म्हणजे इंधन कमी) 11.5 मिळत होता, तिथे तो 14.4 च्या आसपास जातो. तोही पूर्ण बूस्टवर! फक्त वरच्या टोकालाच हे होतं असंही नाही. अक्ष सगळा ताणलाय, म्हणून आयडल आणि क्रूझच्या ओळीही सरकल्या.

यावर "मग फ्युएल वाढवून घेऊ" असं उत्तर येतं. पण पुष्कळ ईसीयूंत तोच लोड अक्ष इग्निशनचं, म्हणजे ठिणगी कधी पाडायची त्याचं, टेबलही वापरतं. 200 वर 160 चं टायमिंग म्हणजे जास्त ॲडव्हान्स (ठिणगी जास्त लवकर पडणं), आणि बूस्ट वाढल्यावर तर ॲडव्हान्स कमी करायचा असतो. इंधन पुरेसं दिलंत तरी नॉकिंगचा (मिश्रण आपोआप भडकण्याचा) धोका राहतोच, आणि त्यात पिस्टनच्या रिंगांमधल्या कडा तुटू शकतात. एअरफ्लो सेन्सरच्या गाडीत मोठ्या इंजेक्टरसाठी सेन्सरचं रीडिंग कमी करून दाखवतात, तिथेही हीच गत. ईसीयूला लोड कमी वाटतो आणि तो टायमिंग पुढे नेतो. अक्ष बदलायचाच असेल, तर इंधन आणि इग्निशन दोन्ही टेबलांचे रकाने नव्या ओळींसाठी इंटरपोलेट करून (शेजारच्या जुन्या आकड्यांवरून मधला आकडा काढून) भरा. जुन्या मर्यादेच्या वरच्या ओळी अंदाजाने रिच (इंधन जास्त) आणि कमी ॲडव्हान्सवर ठेवून तिथूनच टेस्टिंग सुरू करा. आणि प्रेशर सेन्सरच 250 च्या पुढे वाचत नसेल, तर 300 ची ओळ लिहून काहीही साधत नाही.

मोठे इंजेक्टर टाकून सगळे आकडे त्या प्रमाणात कमी करायचे, यातही खोट आहे. उघडण्यात इंजेक्टरचा सुमारे एक मिलिसेकंद वाया जातो, त्याला डेड टाइम म्हणतात. आयडलला 3 मिलिसेकंदांचा पल्स (इंजेक्टर उघडा ठेवण्याचा वेळ) असेल, तर इंधन 2 चंच पडतं. दुप्पट क्षमतेच्या इंजेक्टरला पल्स निम्मा, म्हणजे 1.5 केला, तर इंधनासाठी 0.5 उरतो. हवा असतो 1. डेड टाइम तेवढाच धरला तर योग्य पल्स 2 येतो. उलट जुनेच इंजेक्टर ठेवून आकडे वाढवत राहिलात, तर वेळच पुरत नाही. 6000 आरपीएमला एक पूर्ण चक्र 20 मिलिसेकंदांचं असतं. मॅपमध्ये 22 लिहिलं तरी इंजेक्टर सतत उघडा राहण्यापलीकडे काही करू शकत नाही.

राहिला ओटू सेन्सर. बहुतेक जुन्या गाड्यांतला नॅरोबँड सेन्सर 14.7 च्या आसपासच नीट सांगतो, आणि पूर्ण थ्रॉटलला असे ईसीयू त्याचं ऐकणंच बंद करतात. क्रूझला तो तुमची चूक झाकेल, बूस्टवर नाही. त्यामुळे एक्झॉस्टला वाइडबँड (14.7 पासून दूरचा रेशोही नीट मोजणारा सेन्सर) लावल्याशिवाय बूस्टला हात लावू नका. नंतरही थोडाथोडाच वाढवा, प्रत्येक पुलचा (पूर्ण थ्रॉटलच्या टेस्टचा) लॉग पाहा, आणि ओव्हरबूस्टचा फ्युएल कट (बूस्ट मर्यादेबाहेर गेला की इंधन तोडण्याची सोय) बंद न करता नव्या टार्गेटच्या किंचित वर आणून ठेवा.